ओढ्याचा खराबा कोणाचा?

ज्यास आपण साधेपणाने ओढा म्हणतो, त्याची सरकारी दप्तरातील नोंद मोठी चमत्कारिक असते. नदीस नाव असते, तलावास नाव असते, रस्त्यास क्रमांक असतो. परंतु ओढा हा बहुधा कोणा ना कोणा खातेदाराच्या उताऱ्यावर 'पोटखराबा' या सदराखाली, दोन-चार गुंठ्यांच्या तुकड्यांनी पडलेला आढळतो. डोंगरमाथ्यापासून संगमापर्यंत ज्याचे पाणी एक, त्याचे कागदावर पन्नास तुकडे. आणि प्रत्येक तुकड्यावर 'खराब' हा शब्द. आमचे उमेदीचे दिवस महसुली कारकुनीत गेले, त्यामुळे या शब्दाचा दप्तरी अर्थ आम्हांस ठाऊक आहे. ज्या जमिनीवर आकार बसविलेला नाही ती खराबा, एवढाच तो अर्थ. जमीन वाईट आहे असे त्यात कोणी म्हटलेले नाही. परंतु शब्दाचा परिणाम मनावर होतोच. 'एवढा खराबा होता, तो आम्ही सुधारून घेतला' असे अभिमानाने सांगणारे बागाईतदार आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. त्यांच्या सुधारणेचा मासला भाद्रपदात त्यांच्या खालच्या शेजाऱ्याच्या वावरात पाहावयास मिळतो.

आमचे स्पष्ट मत असे आहे की, गावच्या शिवारात ओढ्याखालील जमिनीइतकी सर्वांच्या उपयोगाची दुसरी जमीन नाही. आणि ती जो तो आपापल्या बांधात ओढून घेईल, तर पाण्याचा तोटा व पुराचा धोका ही दोन्ही संकटे एकाच घरात नांदू लागतील.

प्रथम कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, कारण तिजविषयी गैरसमज फार आहेत. नद्या, ओढे, नाले यांची पात्रे, ती इतर कोणाच्या मालकीची असल्याचे सिद्ध झाले नसेल तर, सरकारची होत, असे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या २० व्या कलमात आहे. तिच्या पूर्वीच्या १८७९ च्या मुंबई कायद्यातही हेच तत्त्व होते. पोटखराब्याचे वर्ग दोन. पहिला वर्ग, मोजणीच्या वेळी जी जमीन लागवडीस अयोग्य ठरली ती. खातेदाराचे खळे व शेतघर याच वर्गात येते. दुसरा वर्ग, जी जमीन सार्वजनिक कारणासाठी आकारातून सोडली ती. यात रस्ता व पायवाट, स्मशानभूमी, कुंभारांसाठी सोडलेली जागा, आणि ज्या तळ्याचे अथवा ओढ्याचे पाणी खातेदाराखेरीज इतर लोक शेतीस, पिण्यास वा घरकामास वापरतात त्याखालील जागा, यांचा समावेश होतो. १९६८ च्या नियमांप्रमाणे पहिल्या वर्गातील जमीन खातेदारास लागवडीखाली आणता येते. दुसऱ्या वर्गातील आणता येत नाही. सन २०१८ मध्ये नियमात दुरुस्ती होऊन पहिल्या वर्गातील खराबा लागवडीखाली आणल्यास त्यावर आकार बसविण्याची वाट मोकळी झाली. ही दुरुस्ती चांगलीच होती. परंतु गावोगाव तिचा अर्थ 'खराबा आता आपला झाला' एवढाच लावण्यात आला. दोन वर्गांतील भेद चावडीच्या पायरीवरच गळून पडला.

आता कायद्याचे पुस्तक मिटून एक खराखुरा ओढा नजरेसमोर घेऊ. पुण्याचा आंबील ओढा आम्ही मुद्दाम निवडतो. वाचक म्हणतील, शहरातल्या ओढ्याशी शेतकऱ्यास काय कर्तव्य? कर्तव्य असे की, तो शहराचा ओढा नव्हेच. कात्रज, धनकवडी, पर्वती ही त्याच्या वाटेवरची गावे कुणब्यांची होती, आणि आपल्या ओढ्यांसारखाच तोही मळ्यांच्या कडेने वाहत होता. शहर नंतर त्याच्यापाशी आले. आज ज्यांची जमीन तालुक्याच्या गावालगत आहे आणि प्लॉट पाडणारे ज्यांच्या ओसरीवर येऊन बसत आहेत, त्यांनी तर हा ओढा एकदा पायी चालून पाहावा.

सिंहगडाकडून निघून पूर्वेस भुलेश्वराकडे जाणारी जी डोंगराची सोंड आहे, तिच्या कात्रजनजीकच्या उत्तर उतारावर या ओढ्याचा उगम आहे. याच सोंडेच्या दक्षिण उतारावरचे पाणी शिवगंगेत, तेथून गुंजवणीत व पुढे नीरेत जाते. थोडे पूर्वेस सरकल्यास दक्षिण उताराचे पाणी कऱ्हेत उतरते आणि सासवड, जेजुरी, बारामतीवरून फिरून तेही अखेर नीरेसच मिळते. कात्रजच्या घाटमाथ्यावर हातभर अंतराने पडलेले पावसाचे दोन थेंब असे वेगळे होतात की, एक मुठेतून रांजणगाव सांडसापाशी भीमेत पडतो आणि दुसरा नीरा-नरसिंगपुरास. पाणलोट म्हणजे काय हे समजून घेण्यास याहून सोपा पाठ नाही. पाणलोटाची हद्द तहसीलदार ठरवीत नाही, माथा ठरवितो. आणि ती हद्द गावच्या शिवेशी जुळलीच पाहिजे असे काही नाही.

या ओढ्याची योग्यता पूर्वीच्या कारभाऱ्यांनी बरोबर ओळखली होती. इ. स. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजेस दगडी बांध घालून तलाव बांधविला, आणि तेथून भुयारी नळाने पाणी शहरातील हौदांस आणिले. वरच्या तलावात गाळ बसावा व खालच्यात निवळ पाणी यावे, अशी ती योजना होती. पूर्वी हा ओढा आजच्या पेठांच्या जागेवरून वाहत मुठेस मिळत असे. त्यास पर्वतीच्या पायथ्याशी अडवून पश्चिमेकडे वळविण्यात आले, व तेथेही तलाव झाला. सारसबागेतील गणपतीस अद्याप 'तळ्यातला गणपती' म्हणतात तो याच तलावामुळे. तलावाची पुढे बाग झाली. आमचे म्हणणे एवढेच की, ज्यांनी ओढा वळविला त्यांनी त्यास माथ्याशी थांबावयास एक जागा दिली, पायथ्याशी दुसरी दिली, आणि पुढे जाण्यास पात्र मोकळे ठेविले. नंतरच्या काळात काठचे मळे गेले, त्यांची घरे झाली, पायथ्याचे तळे बुजले, आणि पात्र दोन्ही बाजूंनी आवळत गेले. हे एका दिवसात झाले नाही, आणि कोणा एका माणसाने केले नाही. प्रत्येकाने थोडे थोडे घेतले.

सन २०१९ च्या सप्टेंबरातील २५ तारखेच्या रात्री या सोंडेवर जबर पाऊस झाला. आंबील ओढा कात्रजपासून खाली दांडेकर पुलापर्यंत काठ सोडून वस्तीत शिरला. अरण्येश्वराच्या बाजूस भिंत पडून माणसे मेली. त्याच रात्री माथ्याच्या पलीकडे खेड-शिवापूर भागात माणसे वाहून गेली; कऱ्हेस पूर येऊन पुरंदर तालुक्यात हानी झाली, नाझरे धरणातून पाणी सोडावे लागले आणि दूर बारामतीत नदीकाठची हजारो माणसे हलवावी लागली. शहर व जिल्हा मिळून वीसांहून अधिक जीव गेले. वर्तमानपत्रांनी शहराची बातमी निराळी व तालुक्याची निराळी छापली. परंतु नकाशा उघडून पाहिल्यास एकाच डोंगराच्या दोन उतारांवरचे ते पाणी होते, हे कोणाच्याही ध्यानात येईल. पुढे २०२१ च्या जूनमध्ये दांडेकर पुलानजीक ओढ्याकाठची घरे पाडण्यात आली व त्यावरून मोठा वाद माजला. ओढा मोकळा झाला पाहिजे यात शंका नाही. परंतु ज्याचे छप्पर पत्र्याचे त्याचे आधी उठवावयाचे, आणि ज्याने वरच्या अंगास पक्की भिंत घालून पात्र आवळले त्याकडे मागाहून पाहू म्हणावयाचे, ही रीत आम्हांस मान्य नाही. असो; तो शहराचा प्रश्न आहे.

आपल्याकडे तीच गोष्ट गुंठ्यागुंठ्याने चालू आहे. तिचा हिशेब कोणी मांडून दाखवीत नाही, म्हणून आम्ही तो येथे मांडतो. एका एकरावर एका तासात एक इंच पाऊस पडला व तो सर्व वाहून गेला, तर ओढ्यात सेकंदास एक घनफूट पाणी येते. हा हिशेब जवळजवळ नेमका आहे, व तोंडपाठ ठेवण्यास सोपा आहे. समजा, तुमच्या वावराच्या वरच्या अंगास एक हजार एकर पाणलोट आहे, आणि पडलेल्या पावसाचा निम्माच भाग वाहतो. एक इंच तासाच्या पावसात तुमच्या ओढ्यास सेकंदास सुमारे पाचशे घनफूट पाणी जावयाचे. ते सेकंदास पाच फूट वेगाने चालले असे धरिले, तर त्यास शंभर चौरस फुटांचे दार पाहिजे. म्हणजे वीस फूट रुंद व पाच फूट खोल पात्र. आता दोन्ही काठच्या खातेदारांनी पाच-पाच फूट आत सरकून बांध घातला, तर रुंदी दहा फूट राहिली. पाणी काही कमी झाले नाही. ते एक तर दुप्पट उंचीने चढेल, नाही तर वेग वाढवून तळ व काठ खरवडीत जाईल. बहुधा दोन्ही करील. आणि या उद्योगात प्रत्येकाने मिळविले काय? शंभर मीटर लांबीत, म्हणजे सुमारे ३३० फुटांत, पाच फूट रुंदीची पट्टी ही दीड गुंठा भरते. दीड गुंठ्याच्या उसासाठी खालच्या माणसाचे एकरभर पीक गाळाखाली गाडावयाचे, हा व्यवहार कोणत्याही वहीत फायद्याचा ठरणार नाही.

येथे काठच्या शेतकऱ्याची एक तक्रार खरी आहे, ती दडवून चालणार नाही. ओढा वळणावर एका काठास खातो व समोरच्या काठास मळई घालतो. ज्याचा काठ कापला गेला त्यास वाटते, माझे गेले ते मी परत भरून घेतो. आणि तो भराव घालतो. त्याचा राग आम्हांस समजतो. परंतु पात्रात घातलेला भराव दोन पावसाळ्यांत पुन्हा वाहून जातो, आणि जाताना समोरच्याचा काठ घेऊन जातो; मग समोरचाही भराव घालतो. आमच्या नोकरीत असल्या दोन काठांच्या भांडणाचे कागद आजापासून नातवापर्यंत चाललेले आम्ही पाहिले आहेत. त्यात जमीन वाढलेली मात्र एकाही कागदात दिसली नाही. काठ राखावयाचा तर तो काठावरच राखला पाहिजे. वळणाच्या बाहेरच्या अंगास तळाशी मोठे धोंडे रचावे. त्यावर निर्गुडी, वाळा, वरच्या कडेस करंज, जांभूळ, उंबर लावावे. आपल्या वाडवडिलांनी ही झाडे ओढ्याकाठी उगाच राखली नव्हती. त्यांची सावली पिकास लागते म्हणून ती तोडणारा पुढे काठच गमावून बसतो.

आता पाण्याच्या तोट्याकडे वळू, कारण बहुतेक वाचकांस पुरापेक्षा चैत्र-वैशाखाची चिंता अधिक. आपल्या देशावरील जमिनीखाली काळा कातळ थरांवर थर असा पसरलेला आहे. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग फुटका मांजऱ्या खडक, मग घट्ट पाषाण. मध्ये कोठे कोठे लाल गेरूचा पट्टा. विहिरीस पाणी लागते ते मुरमात, फुटक्या खडकात व दोन थरांच्या सांध्यात. घट्ट पाषाणात पाणी राहत नाही. या खडकात पावसाचा फार थोडा भाग मुरतो. शंभरांत दहाच्या आतबाहेर धरावा. म्हणून मुरण्यास जागा व वेळ ही दोन्ही मिळाली तरच विहीर उन्हाळा काढते. माथ्यावर माती थोडी असते, तेथे पाणी थांबत नाही, पळते. उताराच्या मधल्या मुरमाड पट्ट्यात ते सर्वांत चांगले मुरते. आणि खालच्या काळीत ते पुन्हा फार मंद मुरते. यावरून पाणी अडविण्याचे काम वरून खाली करीत आले पाहिजे हे उघड आहे.

परंतु काम होते ते उलट. खालच्या अंगास ओढा रुंद असतो, रस्ता जवळ असतो, यंत्र नेण्यास सोपे जाते आणि पाटी लावण्यास जागाही बरी मिळते. सन २०१४ च्या अखेरीस सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात पुष्कळ गावी चांगली कामे झाली, हे आम्ही नाकारीत नाही. काही गावांत विहिरी खरोखर वर आल्या. परंतु अनेक ठिकाणी माथा तसाच ठेवून ओढ्याचे तेवढे 'खोलीकरण व सरळीकरण' झाले. त्या अभियानाने भूजल वाढविण्याचा हेतू फारसा साधला नाही, असा शेरा महालेखापरीक्षकांच्या २०२० साली विधिमंडळापुढे आलेल्या अहवालात आहे. ओढा सरळ करणे या कल्पनेचे तर आम्हांस आश्चर्य वाटते. वळणावर पाणी रेंगाळते, डोहात थांबते, वाळूत मुरते. तेच तर आपणांस पाहिजे. वळण काढले, डोह भरला आणि तळाचा मुरूम घट्ट पाषाणापर्यंत उपसून काठावर टाकला, म्हणजे ओढ्याचे गटार होते. शिवाय काठावर टाकलेला ढीग पहिल्या वळवात पुन्हा आत येतो; आणि त्या ढिगामुळे शेजारच्या वावरातील पाण्यास ओढ्यात उतरावयास वाट राहत नाही, ते वावरातच तुंबून काळीची चोपण होऊ लागते.

वरून काम करण्यात खरी अडचण मातीची नाही, माणसांची आहे. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा कायद्यान्वये समपातळी बांध घालण्याचे मोठे काम या प्रांतात झाले. ते बांध पाण्याच्या पातळीने गेले. खातेदारांच्या धुऱ्यांनी गेले नाहीत. एकाच्या वावरास तिरपे छेदून बांध दुसऱ्याच्या वावरात शिरला, औतास वळण पडले, आणि अनेकांनी ते बांध हळूहळू नांगरून टाकले. त्यांस अडाणी म्हणणे सोपे आहे. परंतु ज्याच्या वावरात बांध पडतो तो माथ्याकडचा, थोड्या जिराइताचा धनी. आणि त्या बांधाने ज्याची विहीर भरते तो खालचा बागाईतदार. एकाने जमीन गुंतवावयाची व दुसऱ्याने ऊस काढावयाचा, असा हा व्यवहार आहे. तो फुकट कसा टिकेल?

याचे एक उत्तर वर सांगितलेल्या सोंडेच्या पलीकडेच, पुरंदर तालुक्यात, देण्यात आले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग आरंभिला. त्यात पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर न देता घरातील माणसांवर दिला. माणशी अर्धा एकर, आणि कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते पाणी. भूमिहीनासही वाटा ठेविला, आणि उसास पाणी देण्याची मनाई केली. हा नियम आपल्या मंडळींपैकी बऱ्याच जणांस कडू लागेल हे आम्ही जाणतो. आमच्या वाचकांत ऊस लावणारे थोडे नाहीत. तो जसाच्या तसा सर्वत्र चालेल असेही आमचे म्हणणे नाही. परंतु पाणी ज्याच्या विहिरीत सापडले त्याचे नसून ज्या पाणलोटावर पडले त्या सर्वांचे आहे, हे मूळ सूत्र सोडून ओढ्याची कोणतीच योजना तडीस जाईल असे आम्हांस वाटत नाही. निदान एवढे तरी व्हावे की, खालच्या बागाईतदारांनी दरसाल एकरी काही रक्कम काढून वरच्या जिराईतदारांचे बांध व चर दुरुस्त करून द्यावे, आणि बांधाखाली गेलेल्या गुंठ्यांचे पीक भरून द्यावे. ही भीक नव्हे; आपल्या विहिरीच्या झऱ्याची ती पट्टी होय.

सरकार हे सर्व करील म्हणून थांबण्यात अर्थ नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणेने राज्याचे १५३१ पाणलोट पाडिले आहेत; सरासरी काढिल्यास एकेक पाणलोट दोनशे चौरस किलोमीटरांचा पडतो. त्यात आपल्या गावचा ओढा म्हणजे नकाशावरील केसाएवढी रेघ. त्या रेघेची काळजी घेणारा तिच्या काठचा खातेदारच असला पाहिजे.

सबब, आपल्या मंडळाच्या सभासदांनी येत्या हंगामात पुढील काम हाती घ्यावे अशी आमची सूचना आहे. मार्गशीर्षानंतर पाणी ओसरले म्हणजे प्रत्येक ओढ्याच्या काठचे खातेदार, वरच्या गावचे व खालच्या गावचेही, एक दिवस ठरवून माथ्यापासून संगमापर्यंत चालत जावे. ओढा हाच जेथे दोन गावांची शीव आहे, तेथे तर दोन्ही गावची माणसे अवश्य असावीत. कारण अशा ओढ्याचा अर्धा भाग या गावचा व अर्धा त्या गावचा असून प्रत्यक्षात तो कोणाचाच नसतो. जाण्यापूर्वी भूमी अभिलेख कचेरीतून गावनकाशा व काठच्या गटांचे नकाशे नक्कल फी भरून घ्यावे, आणि उताऱ्यांवरून दुसऱ्या वर्गाच्या खराब्याचे गुंठे एका कागदावर ओळीने उतरून काढावे. मग दर दोनशे पावलांवर पात्राची रुंदी साध्या टेपाने मोजून त्या कागदावर नकाशातील रुंदीशेजारी लिहावी. जेथे फरक पडेल तेथे त्या वेळी भांडण काढू नये. फक्त आकडा लिहावा व सर्वांच्या सह्या घ्याव्या. पन्नास जणांच्या सहीचा असा कागद चावडीत लागला, म्हणजे मोजणीचा अर्ज देण्यापूर्वीच निम्मे बांध आपोआप मागे सरतात, असा आमचा अनुभव आहे. उरलेल्यांसाठी मोजणीचा अर्ज सर्वांच्या नावे एकत्र द्यावा. एकट्याने दिल्यास शेजाऱ्याशी वैर येते व खर्चही अंगावर पडतो.

टेप पन्नास फुटांचा असला तरी पुरतो; मात्र तो कापडी नसावा, ओला होऊन ताणला जातो. आणि बरोबर वृद्ध माणूस एक तरी न्यावा, कारण जुना डोह कोठे होता व पूर्वी बैलगाडी कोणत्या उतारातून जात असे, हे कोणत्याही नकाशात लिहिलेले नसते.